मल्हारीदादाचे एकसष्ट खडे

माझा भाऊ मल्हारी एकशे आठ किलोचा होता आणि त्याला त्याची काडीचीही लाज नव्हती. "आचारी वाळकुडा दिसला की लोक पंगतीत बसायला घाबरतात," असं तो पोटावरून हात फिरवत सांगायचा. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो मुख्य आचारी होता. दोन पाळ्या मिळून चारशे माणसं त्याच्या हातचं जेवायची. लग्नसराईत सुट्टीच्या दिवशी तो बाहेरच्या ऑर्डरीही घ्यायचा. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत दादा, आशावहिनी आणि मी असे तिघं राहायचो. मी शाळेत कारकून. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की मी सांगायची, दादाच्या हातच्या जेवणाची सवय झाली, आता दुसऱ्या घरी उपाशी मरेन.

दोन हजार सालच्या गणपतीत माझे पाय सुजले, आणि दसऱ्यापर्यंत कळलं की माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्यात. मग सोमवार आणि गुरुवार असं आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. यंत्राला जोडायच्या आधी वजन, सोडल्यावर वजन. प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ते अंगातच साठायचं आणि काट्यावर दिसायचं. दिवसाला तीन पेले पाणी, त्यातच चहा धरायचा. मीठ नावाला. मी मुळातच तिरसट, तहानेनं आणखी झाले. नळ वाहताना ऐकला तरी मला तो सोडणाऱ्याला बदडावंसं वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बघू. वडील आधीच गेलेले. सायखेड्याला असलेल्या आईला साखरेचा आजार. वहिनीचा रक्तगट जुळेना. दादाचं मात्र सगळं जुळलं, इतकं की तपासणीवाला म्हणाला, तुम्ही जुळे तर नाही? मी तिथेच रडायला लागले. दादा माझ्या पाठीवर थोपटत म्हणाला, "उजे, रडतीस काय? दोन हायेत माझ्याकडं. एक घे आणि बाकीचा आवाज बंद कर."

तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. ते कितीतरी वेळ काट्याकडेच बघत राहिले. "ऐंशीच्या आत या," ते म्हणाले. "रक्तदाब काठावर आहे, भूल देताना जोखीम आहे. आणि उद्या तुमच्याकडे एकच किडनी राहणार. तिनं एकटीनं हा एवढा संसार ओढायचा का?"

"किती दिवसांत?" दादानं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "वर्षाच्या आत झालं तर बरं."

अठ्ठावीस किलो. आमच्या घरात तेवढा गहू महिन्याला लागायचा. घरी आल्यावर दादानं जाहीर केलं की तो आजपासून जेवणार नाही. चार दिवस तो खरंच जेवला नाही. नुसता चहा पिऊन चारशे माणसांचा स्वयंपाक करत राहिला. पाचव्या दिवशी कॅन्टीनमध्ये कणकेच्या पोत्यावर बसल्या बसल्या कलंडला, आणि घरी आल्यावर चौदा पोळ्या खाऊन झोपला. झोपायच्या आधी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माझ्यानं व्हायचं नाय, उजे." मला त्याची दया आली आणि रागही आला. राग जास्त आला, कारण मरायची पाळी माझी होती.

सविता आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची मुलगी, वय चोवीस. लांब पल्ल्याची धावपटू. राष्ट्रीय स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये तिला दोनदा पदक मिळालेलं, त्यावर खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात लागलेली. दादाचं तिच्याविषयी एकच मत होतं, की या पोरीला कुणी पोटभर जेवायला घातलेलं नाही. म्हणून तो रोज संध्याकाळी तिला डबा पाठवायचा. दादा कलंडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामा डबा द्यायला आली तेव्हा घरात सुतक असल्यासारखे आम्ही तिघं बसलो होतो. वहिनीनं तिला सगळं सांगितलं.

सवितानं ऐकून घेतलं आणि डबा खाली ठेवला. "दादा, तुम्ही अठ्ठावीस किलोकडं बघताय. मी दहा हजार मीटर कधी पळलेच नाय."

"मग पदक काय मेन रोडच्या दुकानातून आणलं?"

"मी चारशे मीटर पळते. ते झालं की परत चारशे. असं पंचवीस वेळा. दहा हजार डोक्यात घेऊन उभी राहिले असते तर पहिल्या फेरीत पाय गळाले असते." मग तिनं सांगितलं की पाड्यावर मैदान नव्हतंच. भाताच्या खाचरांना फेऱ्या घालायची. फेऱ्या विसरायला होतात म्हणून ओच्यात पंचवीस खडे घ्यायचे आणि फेरी झाली की बांधावर एक टाकायचा. "ओचा रिकामा झाला की घरी जायचं. किती राहिल्या ते बघायचंच नाय, हातातला खडा बघायचा."

दादाला खड्यांची गोष्ट आवडली. त्याला गोष्टी आवडतातच. दुसऱ्या दिवशी पहाटे सविता त्याला पाथर्डी फाट्यावर घेऊन गेली. पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत जायचं होतं, पण तिनं त्याला पांडवलेणी दाखवलीच नाही, विजेचा खांब दाखवला. "तिथपर्यंत." तो झाल्यावर पुढचा. पहिल्या दिवशी चार खांब झाले आणि दादा रिक्षानं घरी आला. सविता रिक्षाच्या मागून पळत आली, आणि तीच आधी पोचली.

तिचे नियम फार नव्हते, पण सुटकाही नव्हती. दोनशे पानी वही आणायची आणि जे तोंडात गेलं ते गेल्यावर लगेच लिहायचं. उद्या काय करणार ते लिहायचं नाही, आज काय झालं तेवढंच. उपाशी राहायचं नाही. गुरुवारी विश्रांती, आणि विश्रांती चुकवली तरी ती ओरडायची. वजन फक्त रविवारी बघायचं. किराणावाल्याच्या दुकानातला काटा शंभरापर्यंतच होता, म्हणून दादा भंगारवाल्या मंगळूच्या काट्यावर उभा राहायचा. मंगळू दर रविवारी विचारायचा, "आचारीबुवा, लोखंडाच्या भावानं लावू का पत्र्याच्या?" तिसऱ्या रविवारी दादा एकशे चारावर आला तेव्हा मंगळूनंच त्याला चहा पाजला. बिनसाखरेचा. वहीत त्याचीही नोंद आहे.

मग चंपाषष्ठी आली. सायखेड्यात खंडोबाच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक आमच्या घराण्याकडे असतो. आठशे माणसांचं वांग्याचं भरीत आणि रोडगे. नैवेद्याचा स्वयंपाक असल्यामुळे देवाला दाखवेपर्यंत कुणी जिभेला लावत नाही, आचारीसुद्धा नाही. दादानं पहाटेपासून दुपारपर्यंत काही तोंडात घातलं नाही. नैवेद्य झाला, पानं मांडली, आणि मग तो अकरा रोडगे आणि परातभर भरीत खाऊन उठला. आई वाढत होती. आईसमोर त्याचा कुठलाच नियम टिकत नाही.

नाशिकला परत आल्यावर दोन दिवस तो पहाटे उठलाच नाही. सविता हाक मारायची आणि हा पांघरुणातून ढोंगी घोरायचा. तिसऱ्या दिवशी ती सरळ आत आली आणि खुर्ची ओढून बसली.

"पहिल्या वेळी राष्ट्रीय स्पर्धेला गेले ना, तेव्हा सोळाव्या फेरीला मी थांबले," ती म्हणाली. "पोटात कळ आली म्हणून बाजूला जाऊन बसले. सगळ्या पुढून जात होत्या. रडत हाटेलात आले. दुसऱ्या दिवशी पहाटे आमचे कोच सर दार वाजवायला आले. मला वाटलं शिव्या घालतील. ते म्हणाले, बूट घाल. एवढंच. स्पर्धेबद्दल पुन्हा एक शब्द नाय काढला."

दादानं पांघरुणातून एक डोळा बाहेर काढला. "मग?"

"मग काय, बूट घातले."

दादा उठला. वहीत त्यानं चंपाषष्ठीच्या तारखेखाली 'रोडगे ११' असं लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा माणूस कदाचित करेलही.

फेब्रुवारीअखेर तो सत्त्याण्णववर आला. पांडवलेणीच्या पायऱ्या तो न थांबता चढायला लागला. आणि तिथेच काटा अडला. एक आठवडा सत्त्याण्णव, दोन आठवडे सत्त्याण्णव, सात आठवडे सत्त्याण्णव. इकडे माझं वजन एकेचाळीसवरून एकोणचाळीसवर आलं होतं. रक्त कमी, मधूनमधून ताप. दवाखान्यात माझ्या शेजारच्या पलंगावर यायची ती बाई एका सोमवारी आली नाही आणि तिच्याबद्दल कुणी काही बोललं नाही. त्या संध्याकाळी मी दादावर तुटून पडले.

"तू चोरून खातोस," मी म्हणाले. "वहीत दोन भाकरी आणि भाजी, आणि अंगावर तेच सत्त्याण्णव किलो. मी पेलाभर पाण्याचे घोट मोजते आणि तू माझ्याशी खोटं बोलतोस?"

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. चाळिशी उलटलेल्या, ढिगाएवढ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी बघणं फार वाईट असतं. तो फक्त म्हणाला, "खंडोबाची आण, उजे." मी तोंड फिरवलं. आजही मला त्याची लाज वाटते.

आवाज ऐकून आलेली सविता म्हणाली, "भांडून काय होणार? रविवारी बघू."

रविवारी मखमलाबादला एका लग्नाचा स्वयंपाक होता. सविता सकाळपासून मंडपामागे खुर्ची टाकून बसली. मी तिच्या शेजारी. तिच्या एका खिशात खडे भरलेले होते आणि दुसरा खिसा रिकामा. दादाचं काम चालू झालं. पळी आमटीत बुडाली, थेंब तळहातावर पडला, तळहात तोंडाला लागला. सवितानं एक खडा या खिशातून त्या खिशात टाकला. मसालेभाताचं एक शीत. खडा. मठ्ठ्याचा घोट. खडा. जिलेबीचा पाक दोन बोटांवर, आणि पहिली जिलेबी कुरकुरीत झाली का म्हणून अर्धी, आणि खात्री करायला उरलेली अर्धी. तीन खडे. बटाट्याची भाजी मीठ घातल्यावर, उकळी आल्यावर, उतरवताना. असं दुपारी बारापर्यंत चाललं. मग सवितानं दुसरा खिसा टेबलावर पालथा केला आणि आम्ही मोजले. एकसष्ट.

"हे काय?" दादा खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत आला.

"तुमचं आजचं जेवण. वहीत नसलेलं."

"अगं पोरी, ती चव हाय! चव बघणं म्हणजे खाणं व्हय? आचाऱ्याचं कामच हाय ते."

"तोंडातून पोटात गेलं का नाय?"

दादा त्या खड्यांकडे बघत राहिला. वीस वर्षांत त्याला हे कधी सुचलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे आम्हालाही नव्हतं. आमच्या घरात चव बघितलेलं कुणी खाण्यात धरतच नाही. त्यानं खंडोबाची आण खरी घेतली होती. मी त्याची तिथेच माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहू दे, आता मी स्वयंपाक कसा करू ते सांग."

खरी अडचण ती होती. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यानं जिभेला काही लावायचं नाही असं ठरवलं आणि घाबरून आमटीत दोनदा मीठ घातलं. पहिल्या पाळीनं ताटं वाजवली. तिसऱ्या दिवशी भाजी अळणी. सुपरवायझरनं त्याला बोलावून विचारलं, आचारी, घरी सगळं ठीक आहे ना? दादा घरी येऊन खाली मान घालून बसला. "चव न बघता मी स्वयंपाक केलेलाच नाय कधी," तो म्हणाला. "हे माझ्या जन्मात जमणार नाय. नोकरी जाईल."

आशावहिनी कोपऱ्यात लसूण सोलत होती. महिनोन् महिने चाललेल्या या सगळ्या खेळाडूपणात ती एका शब्दानं पडली नव्हती. खांब, खडे, वह्या, सगळं तिनं मुकाट्यानं बघितलं होतं. ती लसणावरून नजर न काढता म्हणाली, "चंपाषष्ठीला आठशे माणसांचं भरीत कोण करतं?"

"मीच की."

"चव बघून?"

दादानं खाली घातलेली मान वर केली.

"लग्न होऊन आल्यापासून बघते मी," वहिनी म्हणाली. "देवाच्या पुढे कधी अळणी गेलं नाही का खारट गेलं नाही. तेव्हा हाताला बरोबर कळतं. आता नणंदबाईंसाठी कळत नाही का?"

सविता टाळी वाजवून हसली. म्हणाली, वहिनी, तुम्ही आमच्या सरांपेक्षा भारी. शर्यतीत तीही घड्याळाकडे बघत नाही, म्हणाली, पायाला वेग माहीत असतो. पण ते कुणी ऐकत नव्हतं. दादा वहिनीकडे असा बघत होता, जसा लग्नानंतर पहिल्यांदाच बघतोय.

दुसऱ्या दिवसापासून अंबडच्या त्या कॅन्टीनमध्ये रोज नैवेद्याचा स्वयंपाक सुरू झाला. दादा आंघोळ करून जायचा, शेगडीला बोटभर हळदीचा भंडारा लावायचा, तोंडाला उपरणं बांधायचा आणि हातानं मीठ घालायचा. पहिली वाटी खंडोबाच्या तसबिरीपुढे, मग पळी कामगारांच्या ताटात. तिसऱ्या दिवशी एका वेल्डरनं येऊन विचारलं, आचारी, मसाला बदललात का, आज लयच झकास लागतंय. दादानं ते घरी येऊन मला चार वेळा सांगितलं.

काटा हलला. मेमध्ये ब्याण्णव, जुलैत सत्त्याऐंशी. वहीत एक नवा रकाना आला होता, 'चव', आणि त्याखाली रोज एक शून्य. पँट दोनदा आत घेऊन झाली, तिसऱ्यांदा शिंपी म्हणाला की आता दोन्ही खिसे मागे जाऊन एकमेकांना भेटतील.

सप्टेंबरमध्ये दवाखान्याची तारीख पडली. आदल्या रविवारी मंगळूचा काटा ऐंशी आणि वर सातशे ग्रॅम दाखवत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा पेला पालथा घालून बसला. सायखेड्याच्या तालमीतले पैलवान वजनाच्या आधी दोन दिवस पाणी सोडतात, ते त्याला आठवलं होतं.

मला जो संताप आला तो सांगता येत नाही. वर्षभर मी स्वप्नातसुद्धा पाणी पीत होते. मी उठून माठातलं पाणी घेतलं, पेला काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर आपटला. "ज्याला पाणी प्यायला मिळतं त्यानं ते प्यायचं," मी ओरडले. "माझ्यासमोर तहानेलं राहायचं नाटक करायचं नाही."

दादानं सविताकडे पाहिलं. ती म्हणाली, "प्या. काट्याला फसवायला वर्षभर पळालो नाय आपण. भरलं नाय तर पुढच्या महिन्यात परत जाऊ." दादानं पेला संपवला. मी दुसरा भरला. तोही संपवला. मला फार बरं वाटलं, जणू मीच प्याले.

दवाखान्याचा काटा साडेऐंशीवर थांबला. दादा काट्यावरून उतरेचना. डॉक्टरांनी रक्तदाब दोनदा घेतला, मग दादाच्या पिशवीतून डोकावणाऱ्या वह्यांकडे बोट दाखवलं. तीन वह्या होत्या. त्यांनी उभ्यानंच एक उघडली. 'रोडगे ११' वाचून ते हसले. मग शून्यांची पानं उलटत गेले आणि हसायचे थांबले. "ऐंशीच्या आत या म्हणालो होतो मी," ते म्हणाले. "अर्धा किलो माझ्या डोक्यावर. रक्तदाब छान आहे. तारीख घ्या."

ऑपरेशन मुंबईला झालं. दादाची किडनी टेबलावरच कामाला लागली असं नंतर नर्सनं सांगितलं. वीस वर्षं त्याचा भार ओढलेली, तिला माझ्यासारखी काडी म्हणजे सुट्टीच वाटली असणार. चौथ्या दिवशी नर्सनं माझ्या हातात पाण्याचा जग दिला आणि म्हणाली, प्या, भरपूर प्या. मी अख्खा जग प्याले. ओठांवरून ओघळलेलं पुसलंही नाही. दादा दारात खुर्चीवर बसून बघत होता. त्याला हसायचं होतं, पण टाक्यांमुळे हसता येईना, म्हणून तो नुसता पोट धरून कण्हत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

याला आता सहा वर्षं झाली. दादा ब्याऐंशीवर आहे. तो अजून पहाटे पाथर्डी फाट्याला जातो आणि अजून पांडवलेणीकडे न बघता खांबांकडे बघतो. कॅन्टीनमध्ये तो आजही जिभेला काही लावत नाही. पण लग्नाच्या ऑर्डरी मोठ्या झाल्या आणि नव्या गिऱ्हाइकांना खात्री लागते, तेव्हा कुणीतरी चव बघावीच लागते. डॉक्टरांनी गरम-ताज्या जेवणाला आणि बेताच्या मिठाला परवानगी दिल्यापासून ते काम मी करते. सुट्टीच्या दिवशी मंडपामागे खुर्ची टाकून बसते आणि दादा पळी घेऊन माझ्याकडे येतो.

परवा मखमलाबादलाच एक लग्न होतं. सविता आली होती. आता ती स्वतः पोरींना पळायला शिकवते. ती माझ्या शेजारी बसली, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, आणि अकराच्या सुमाराला माझ्या मांडीवर मूठ रिकामी केली. खडे होते. मी मोजले. तेवीस.

"ताई, वजन किती तुमचं आता?" तिनं विचारलं.

"एकसष्ट," मी म्हणाले. एकोणचाळीस किलोची बाई एकसष्टची झाली होती, आणि मला दादासारखीच काडीचीही लाज वाटत नव्हती.

"वही आणू का दोनशे पानी?"

दादा आमटीची पळी घेऊन उभा होता. "खाऊ दे गं तिला," तो म्हणाला. "माझी किडनी हाय आत. तिला माझ्या हातची सवय हाय."

सवितानं चोविसावा खडा हातात धरला. मी पळीखाली तळहात पुढे केला.